बीजदोष, प्रारब्ध आणि पुरुषकार

हृदयविकार आणि मधुमेह घराण्यात उतरतात, हे निरीक्षण फार जुने आहे. ते का उतरतात याचे जनुकांच्या आणि रेणूंच्या पातळीवरचे उत्तर मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतले आहे. या उत्तरातून वैद्यकाला नवी औषधे मिळाली आणि धर्मविचारापुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. माणूस जन्माला येतानाच एखाद्या आजाराची शक्यता सोबत आणत असेल, तर तिला प्रारब्ध म्हणायचे का? आणि प्रारब्ध म्हटले, तर ते कोणाच्या कर्माचे फळ मानायचे?

सोलापूरहून पंधरा किलोमीटरवरच्या होटगीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मुंबई–चेन्नई लोहमार्गावरून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा येथे फुटतो. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदतात, आणि वीरशैव परंपरेतल्या होटगीच्या बृहन्मठाला मानणारी माणसे या सीमाभागात दूरवर आहेत. अशा गावात कोणाला ऐन पंचेचाळिशीत ‘अटॅक’ आला, की दोन वाक्ये हटकून कानांवर येतात: ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ आणि ‘नशिबात होतं’. दोन्ही एकाच श्वासात बोलली जातात, जणू त्यांचा अर्थ एकच आहे. पाचवीच्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहून जाते, ही समजूत त्या दुसऱ्या वाक्यामागे आहे. कन्नड बोलणारा शेजारी त्याच लिखाणाला हणेबरह म्हणतो. पण घराणे हे कारण आहे आणि नशीब हा निकाल आहे. कारण कळले तर त्यावर काही करता येते. निकालापुढे मान तुकवावी लागते. आनुवंशिकीच्या संशोधनाचा तात्त्विक अर्थ लावायचा, तर ही दोन वाक्ये आधी एकमेकांपासून सोडवून घ्यावी लागतात.

कपाळीचा लेख आणि कर्मसिद्धान्त यांतही अंतर आहे. सटवाई लिहिते ते तिच्या मर्जीने. कर्मसिद्धान्तात मात्र लिहिणारा आणि भोगणारा एकच असतो. अनेक जन्मांत साठलेले ते संचित, त्यातले ज्याचे फळ या देहात सुरू झाले ते प्रारब्ध, आणि आता हातून घडते आहे ते क्रियमाण, अशी त्याची रूढ विभागणी आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या दहाव्या, कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवरच्या प्रकरणात ही विभागणी तपासून पाहिली. वेदान्तसूत्रांच्या आधाराने त्यांनी खरा भेद दोहोंतच मानला: फळ द्यायला लागलेले आरब्धकार्य कर्म आणि अजून न लागलेले अनारब्धकार्य कर्म. हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिला गेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिणाऱ्याला मधुमेह होता, आणि त्यासाठी तो तुरुंगातही पथ्य पाळत होता. कर्माने बांधलेला माणूस स्वतंत्र कसा, याचा शोध घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहाशी रोज हीच वाटाघाट करावी लागत होती, हे ते प्रकरण वाचताना विसरू नये.

आयुर्वेदाने हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी हाताळला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश गुरूला विचारतो, की माणसाचे आयुष्य नेमलेले असते की नसते. आत्रेयांचे उत्तर हिशेबी आहे. पूर्वीच्या देहात केलेले कर्म ते दैव, या देहात केलेले तो पुरुषकार. दोन्ही बलवान, मध्यम किंवा दुर्बळ असू शकतात. दुर्बळ दैवाला बलवान पुरुषकार हटवतो, आणि बलवान दैवापुढे पुरुषकाराचे काही चालत नाही. सगळ्यांचेच आयुष्य नेमलेले असते, तर औषध, पथ्य, सापापासून जपणे यांना काही अर्थच उरला नसता, असेही ते बजावतात. दृष्टान्त गाडीच्या कण्याचा आहे. चांगला कणा नीट वापरला तर आपल्या काळाने झिजून संपतो. ओझे जास्त झाले, वाट वाईट असली, वंगण मिळाले नाही, तर तोच मधेच मोडतो. लाकूड कोणते मिळाले आणि गाडी कशी हाकली, या दोन्ही प्रश्नांना येथे जागा आहे.

सुश्रुतसंहिता तर प्रमेहाचे सरळ दोन प्रकार पाडते. एक सहज, म्हणजे आई-बापांच्या बीजदोषातून आलेला. दुसरा अपथ्यातून ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश असतो, दुसऱ्याचा स्थूल, अशी लक्षणेही दिली आहेत. आजच्या टाइप-१ आणि टाइप-२ मधुमेहाशी याची जोडी लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा, कारण त्या काळची वर्गवारी आजच्या प्रयोगशाळेतल्या कसोट्यांवर बेतलेली नव्हती. महत्त्व आहे ते दुसऱ्या गोष्टीला. या ग्रंथांत इतरत्र रोगाच्या कारणांत पूर्वकर्माचा उल्लेख येतो. पण प्रमेहाच्या या ठिकाणी बोट ठेवले आहे ते बीजावर. रोग्याने मागच्या जन्मी काय केले याची चौकशी न करताही वैद्याला कारण सांगता येते, ही वाट येथे मोकळी झाली.

आजच्या आनुवंशिकीने त्या बीजात काय पाहिले, याचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाचे आहे. मायोसिन-बंधक प्रथिन-सी हे ते प्रथिन, आणि अकराव्या गुणसूत्रावरचे एमवायबीपीसी३ हे त्याचे जनुक. हृदयाच्या स्नायूतले धागे एकमेकांवर सरकतात तेव्हा ठोका पडतो, आणि त्या सरकण्याची लय सांभाळण्याचे काम या प्रथिनाकडे आहे. काही भारतीयांत या जनुकातली पंचवीस अक्षरे गळालेली असतात. गळती झालेली जागा प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात नाही, दोन मजकुरांमधल्या मोकळ्या भागात आहे. तरीही तिच्यामुळे जुळणी चुकते, एक तुकडा वगळला जातो आणि प्रथिनाचे शेवटचे टोक बिघडते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारस्वामी थंगराज आणि त्यांच्या देश-विदेशांतील सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत हा बदल आहे आणि तो असणाऱ्यांत हृदयाच्या स्नायूच्या विकाराची शक्यता सुमारे सात पट आढळली. तो सुमारे तेहतीस हजार वर्षांपूर्वी उद्भवला असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

इतका घातक बदल इतकी हजारो वर्षे टिकला कसा? कारण त्याचा त्रास सहसा उतारवयाकडे झुकताना सुरू होतो. तोवर मुले-बाळे झालेली असतात, आणि निसर्गाची चाळणी पुढच्या पिढीत काही जाण्याआधीच लागू पडते, नंतर नाही. वाहक माणूस तिशीत धावतो, शेत नांगरतो, पोते उचलतो. त्याच्या हृदयात तो बदल असतोच, पण त्याचे फळ सुरू झालेले नसते. आरब्ध आणि अनारब्ध हा भेद येथे इतका नेमका बसतो, की दोन्ही विचार एकच असल्याचा भास व्हावा.

ते एक नाहीत, हे याच उदाहरणाचा पुढचा भाग दाखवतो. हा बदल असलेल्या पुष्कळांना आयुष्यभर काहीच होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसले, की या वाहकांपैकी थोड्यांच्या जनुकात त्याच गुणसूत्रावर आणखी एक बदल असतो आणि धोक्याचा बराचसा भार त्या दुसऱ्या बदलावर असावा. म्हणजे ‘हे जनुक म्हणजे हा आजार’ असे समीकरण सरळ उभे राहत नाही. कर्माचे फळ चुकत नाही, भोगूनच संपते, असे शास्त्र सांगते. जनुकाचे फळ चुकू शकते. शेजारचे जनुक, रक्तदाब, आहार, व्यायाम आणि निव्वळ योगायोग यांच्या हातात ते असते.

योगायोगाचे अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे, कारण धर्मविचाराला सर्वांत अवघड जाणारी जागा हीच आहे. वाहक बापाच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. एका भावाला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. कारण कोणती पेशी कोणता अर्धा हिस्सा घेऊन निघाली यापलीकडे सांगता येत नाही. कर्मसिद्धान्त नेमका अशाच जागी उत्तर द्यायला पुढे येतो: निवड योगायोगाने झाली नाही, जीवाने आपल्या कर्मानुरूप देह घेतला. या उत्तरात एक मोठे सांत्वन आहे. जग न्यायाने चालते, विनाकारण कोणी भोगत नाही, असे ते सांगते. पण त्या सांत्वनाची किंमत रोग्याला मोजावी लागते, कारण न्याय सिद्ध करायला त्याला दोषी ठरवावे लागते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणांचा विचार करताना काळ, स्वभाव, नियती यांच्याबरोबर यदृच्छेचेही नाव घेतले आहे. उपनिषद शेवटी तिथे थांबत नाही, हे खरे. पण कारणांच्या यादीत यदृच्छा बसवण्याचे धैर्य त्या ऋषींनी दाखवले होते. आनुवंशिकी त्या यादीतल्या दोन नावांना पुन्हा बळ देते: स्वभाव आणि यदृच्छा.

न्यायाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो लहान मुलांच्या बाबतीत. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल या विकारात यकृताच्या पेशींवरचे एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेणारे ग्राहक कमी असतात किंवा नसतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी डॅलसमध्ये हे ग्राहक शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आई-बाप दोघांकडूनही सदोष प्रत आलेल्या मुलाच्या धमन्या बालपणातच कोंडू लागतात. दहा-बारा वर्षांच्या वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. त्या मुलाने अजून एकही कर्म जाणतेपणी केलेले नसते. पूर्वजन्माचे उत्तर येथे तर्कात बसते, पण ते त्या मुलाच्या आईपुढे उच्चारून पाहावे. ज्या सिद्धान्ताचा हेतू माणसाला सदाचाराकडे वळवणे हा आहे, तो येथे निरपराधावर आरोप ठेवणारा होतो.

दोन्ही प्रती सदोष येण्याची शक्यता नात्यात लग्न झाले की वाढते. सोलापूर आणि सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. याहून व्यापक गोष्ट म्हणजे जातीतच सोयरीक करण्याची. थंगराज, डेव्हिड राइश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले निघाले, की फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही त्यांच्यातला मूळपुरुषांचा प्रभाव तीव्र होता. अशा गटांत दुर्मिळ आजारांची जनुके एकवटतात. येथे कर्म आहे, ते माणसांनीच केलेले आहे. पण करणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे. शेकडो वर्षे ‘आपल्यातच’ लग्न लावणाऱ्या पूर्वजांचा निर्णय आजच्या मुलाच्या रक्तात आलेला असतो.

होटगीच्या परिसराने या बाबतीत एक जुना इतिहास आठवायला हवा. बाराव्या शतकात येथून फार दूर नसलेल्या कल्याणमध्ये (आजच्या बसवकल्याणमध्ये) बसवेश्वर आणि त्यांच्या अनुयायी शरणांनी जन्मावरून माणसाची योग्यता ठरवण्यास नकार दिला. ब्राह्मणकुळातून आलेल्या मधुवरसाची मुलगी आणि चर्मकार हरळय्याचा मुलगा यांचे लग्न शरणसमूहाने स्वीकारले, आणि परंपरा सांगते की त्याची शिक्षा म्हणून दोन्ही बापांचे प्राण गेले आणि कल्याणमध्ये रक्त सांडले. शरणांची दृष्टी अर्थातच आध्यात्मिक समतेची होती. जनुकांचा विचार त्यांच्या मनात असण्याचा प्रश्न नाही. पण जन्माचे कुंपण तोडणारे ते लग्न पुढे रीत झाले असते, तर त्या ८१ गटांची संख्या कमी भरली असती, एवढे म्हणता येते.

जनुकांच्या योगायोगाला एक उजळ बाजूही आहे. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पीसीएसके९ नावाच्या जनुकातला बदल सापडला; त्यामुळे कोलेस्टेरॉल फार वाढत होते. मग हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी डॅलसमध्ये उलट शोध घेतला: हेच जनुक ज्यांच्यात बंद पडले आहे अशी माणसे आहेत का? ती मिळाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल कोलेस्टेरॉल २८ टक्के कमी होते, आणि हृदयधमनीच्या विकाराचा धोका ८८ टक्के कमी. इतका मोठा फरक पडला तो एवढ्यासाठी, की त्यांच्या धमन्यांना हा लाभ जन्मापासून मिळत होता. या निरीक्षणावरून या प्रथिनाला अडवणारी प्रतिद्रव्ये तयार झाली आणि २०१५ पासून वापरात आली. त्यानंतर इन्क्लिसिरान आले, जे यकृतात या प्रथिनाचा निरोपच नष्ट करते आणि वर्षातून दोनदा टोचावे लागते.

एकाचे पुण्य दुसऱ्याला देता येते का, यावर धर्मशास्त्रात बराच खल झालेला आहे. कडक कर्मवादी नाही म्हणतो. श्राद्धाची, व्रताची, संतकृपेची परंपरा होय म्हणते. या औषधांच्या बाबतीत एका माणसाच्या देहातले जन्मजात भाग्य तपासले गेले, समजून घेतले गेले आणि सुईवाटे हजारोंना देता येऊ लागले. ते देताना मूळ माणसाचे काहीही उणे झाले नाही. ही औषधे अजून महाग आहेत आणि होटगीसारख्या गावातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून जे यदृच्छेने वाटले गेले होते ते आता पैशाने वाटले जाते आहे. त्यातला अन्याय यदृच्छेच्या माथी मारता येत नाही, कारण तो माणसांनी केलेला आहे.

आतापर्यंतचा विचार बीजाचा झाला. महाराष्ट्रातल्या संशोधनाने जी भर घातली ती मातीविषयी आहे, आणि प्रारब्धाच्या प्रश्नाला खरी कलाटणी तिथे मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची नोंद ठेवायची, गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात हे पाहायचे, आणि जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा करायचा, अशी त्याची आखणी होती. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलाइन फॉल यांच्या गटाचा त्यात सहभाग होता. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पण फरक सगळ्या अंगांत सारखा नव्हता. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातली इंद्रिये फार लहान होती. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिसायला कृश आणि आतून मेदवंत, असे हे भारतीय बाळ. मोठेपणीही तीच घडण राहते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र आले होते. दोघांचा बीएमआय २२.३ असाच होता. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के होती.

जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडले होते, की दुष्काळात तगवणारी काटकसरी जनुके सुकाळात मधुमेह आणतात. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६–७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या सोलापूर जिल्ह्याला ही कल्पना चटकन पटण्यासारखी आहे. पण तशा ठळक काटकसरी जनुकांचा शोध फारसा फळला नाही. पुण्याचेच रुग्ण घेऊन केलेल्या अभ्यासांत टीसीएफ७एल२ आणि एफटीओ या जनुकांतल्या बदलांचा मधुमेहाशी संबंध दिसला, तरी प्रत्येकाचा वाटा थोडाच होता. बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये दुसरी दिशा दाखवली होती: काटकसर जनुकाची नसून गर्भाची आहे. पोषण कमी पडले की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांवरचा खर्च कापतो. पुण्याच्या अभ्यासात मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती, फॉलेटची मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. ही दोन्ही जीवनसत्त्वे डीएनएवर मिथाइल खुणा चढवण्याच्या कामात लागतात. जनुकाची अक्षरे न बदलता ते किती वाचले जाईल, हे या खुणांवर अवलंबून असते.

म्हणजे सटवाई पाचव्या रात्री यायच्या आधीच बरेच लिहून झालेले असते. आणि ते लिहिणारे हात माणसांचे असतात. आईला लहानपणी किती दूध मिळाले, घरात ती कितव्या पंगतीला जेवते, नवव्या महिन्यातही उसाच्या फडात तिला किती वाकावे लागते, हे सारे त्या लिखाणात येते. येथे आईला दोषी धरणे ही पुन्हा तीच चूक होईल. तिचेही पोषण तिच्या जन्माआधी दुसऱ्यांनी ठरवलेले असते. या संशोधनातून कर्मसिद्धान्ताचा एक वेगळा अर्थ पुढे येतो, आणि तो टाळता येईल असे वाटत नाही: एकाचे प्रारब्ध हे दुसऱ्यांचे क्रियमाण असते. बाळाला जे न बदलणारे म्हणून मिळते, ते त्याच्या आधी कोणाच्या तरी हातात, बदलता येण्याजोगे होते. कर्म आणि फळ यांचा सांधा तुटत नाही. पण कर्ता आणि भोक्ता एकच, ही अट सुटते. ती सुटली की कर्मविचारातून ‘तुझे तूच भोग’ हा भाग गळतो आणि जबाबदारीचा भाग दुप्पट होतो. पुण्याच्या संशोधकांनी हाच अर्थ कृतीत आणला. २०१२ मध्ये त्या मूळ अभ्यासातली मुले-मुली तारुण्यात आली असताना त्यांना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढे त्यांना होणाऱ्या बाळांसाठी. जन्माला न आलेल्या जीवाचे प्रारब्ध सुधारण्याचा हा प्रयत्न आहे.

वीरशैव आणि शरणपरंपरेत या विचाराला आधार देणाऱ्या दोन कल्पना आहेत, कायक आणि दासोह. कायक म्हणजे देहाने निष्ठेने केलेले काम. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ नम्रपणे सर्वांपुढे ठेवणे. अन्नदासोह हे त्याचे सर्वांना दिसणारे रूप. मठपरंपरेच्या सिद्धान्तानुसार आणव, मायीय आणि कार्म असे तीन मल जीवाला चिकटलेले असतात आणि दीक्षेने ते दूर होतात. म्हणजे कर्माचा मळ कायमचा मानलेला नाही. इष्टलिंग धारण करणारा देह शिवाचे स्थान होतो. अशा देहाला ‘हे माझ्या नशिबातच आहे’ म्हणून वाऱ्यावर सोडणे, त्या परंपरेच्याच दृष्टीने, देवघर झाडायचे सोडून देण्यासारखे आहे. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य म्हणून सांगितले गेले. गरोदर बाईला पुरेसे आणि सकस अन्न देणे हे त्या पुण्याचे असे रूप आहे, की त्याचे फळ पन्नास वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या धमन्यांत दिसते.

व्यक्तीच्या स्वतःच्या पुरुषकाराला मग किती जागा उरते? याचे मोजमापही झाले आहे. अमित खेरा, सेकर कातिरेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवले, की ज्यांच्या जनुकांत हृदयविकाराचा धोका सर्वाधिक होता, त्यांच्यातही तंबाखू न ओढणारे, लठ्ठ नसलेले, नियमित व्यायाम आणि योग्य आहार सांभाळणारे (यांतल्या किमान तीन गोष्टी पाळणारे) यांचा धोका तसे न वागणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी होता. एका गटात तर दहा वर्षांतले प्रमाण १०.७ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आलेले दिसले. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, आणि जनुकीय धोक्याची गणिते भारतीयांना तशीच्या तशी लागू पडत नाहीत. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ मधला प्रयोग भारतीयांवरचा आहे: मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना चालणे आणि आहार यांचे मार्गदर्शन दिले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण सापेक्षतः २८.५ टक्क्यांनी घटले. आत्रेयांच्या भाषेत सांगायचे, तर बहुतेकांचे दैव मध्यम बळाचे असते. काहींचे मात्र खरोखर बलवान असते. दोन्ही प्रती सदोष असलेल्या त्या मुलाला भाकरी-भाजी आणि सकाळचे चालणे वाचवू शकत नाही, आणि प्रयत्नवादाचा उत्साह त्याच्यावर लादणे हाही क्रूरपणा आहे. सगळे काही पथ्यावर असते असे मानले, की आजारी पडलेला प्रत्येक जण आळशी किंवा बेफिकीर ठरतो. ‘नशिबात होतं’ म्हणून टाकणाऱ्याइतकाच ‘स्वतःच ओढवून घेतलं’ म्हणणाराही रोग्यावर अन्याय करतो.

शेवटचा प्रश्न जाणण्याचा आहे. अनारब्ध कर्म कोणाला दिसत नाही, असे शास्त्र मानते. अनारब्ध जनुक मात्र रक्ताच्या थेंबात वाचता येते. वाचल्यावर त्याचा उपयोग कोण करणार, यावर त्या वाचण्याचा धर्म-अधर्म ठरतो. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या विकाराने आजारी असलेल्या एका विमाधारकाला, आजार जनुकीय आहे म्हणून, विमा कंपनीने पैसे नाकारले होते. जनुकीय आजार सरसकट वगळणारी ही अट भेदभावाची आहे आणि राज्यघटनेच्या चौदाव्या अनुच्छेदात बसत नाही, असा निर्णय न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी दिला. माणसाने ज्याची निवड केली नाही त्यासाठी त्याला वगळता येणार नाही, हे तत्त्व तेथे कायद्याच्या भाषेत आले.

कुटुंबात हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण एकाची तपासणी ही एकट्याची राहत नाही. ज्याच्या रक्तात बदल सापडला त्याच्या भावंडांत आणि मुलांत तो असण्याची शक्यता निम्मी आहे, हे त्याच क्षणी कळते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलमध्ये लवकर सुरू केलेली साधी, स्वस्त स्टॅटिनची गोळी आयुष्य वाढवते, म्हणून तेथे नातलगांना सांगणे हे कर्तव्यच ठरते. हृदयस्नायूच्या विकारात वर्षा-दोन वर्षांनी काढलेला इको आणि ईसीजी वेळीच सावध करतो, म्हणून तेथेही सांगावे. जिथे कळूनही करण्यासारखे काही नाही, तिथे न जाणण्याचा हक्क माणसाला ठेवावा लागतो. आणि मुलीच्या लग्नाच्या बोलणीत असे कागद मागितले जाऊ लागले, तर तपासणीच्या रूपाने पत्रिकाच परत येईल. म्हणून तो कागद डॉक्टर आणि रोगी यांच्यातच राहिला पाहिजे.